दोनशे चौदा पायऱ्या

हेडसाहेबांना कोणी शेवटचं काही विचारलं, त्याला अकरा महिने होऊन गेले होते. ‘चहा घेणार का’, ‘चष्मा कुठे ठेवलात’ आणि ‘आंघोळीला तुम्ही जाताय की मी जाऊ’ हे प्रश्न त्यांनी यात धरले नव्हते. ते घरातलं कामकाज झालं. ज्याचं उत्तर देण्याआधी माणसाला खाकरता येतं, क्षणभर छताकडे बघता येतं आणि मग ‘त्याचं असं आहे’ अशी सुरुवात करता येते, त्याला हेडसाहेब प्रश्न म्हणत. असे प्रश्न या घरात चाळीस वर्षं त्यांच्याकडे येत होते. बेडकाला दात असतात का? त्यांना विचारा. लोकर धुतली की का आटते? त्यांना विचारा. शेजारणीच्या भावाने अर्जाच्या वर सही करायची की खाली? त्यांनाच विचारा. अकरा महिन्यांपूर्वी भिंतीला भोक पाडून एक वायर आत आली, तिच्या टोकाला हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि त्या दिवसापासून हेडसाहेबांकडचा ओघ आटला.

हेडसाहेब हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ते हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी इमारतीतले सगळे त्यांना हेडसाहेबच म्हणत. आपण हेड होतो ते टेबलामुळे नाही, ज्ञानामुळे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या ज्ञानाचा पुरावा आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होता. कात्रणांच्या तेवीस वह्या, विषयवार, पाठीवर चिठ्ठ्या लावलेल्या. प्राणी एक, प्राणी दोन, ग्रहगोल, थोरांचे अंतिम शब्द, आरोग्य (ओले) आणि आरोग्य (कोरडे). या शेवटच्या दोन वह्यांची विभागणी नेमकी कशावर केली होती, ते आता खुद्द हेडसाहेबांनाही सांगता आलं नसतं. पण ती केलेली होती एवढं खरं.

ठिणगी पडली ती एका अंड्यावरून. चिरंजीवांना अंडं उकडायचं होतं. वडील स्वयंपाकघरात दोन हातांच्या अंतरावर बसलेले, तोंडात ‘सात मिनिटं’ हे उत्तर तयार, खाकरूनसुद्धा झालेलं. चिरंजीवांनी त्यांच्या डोक्यावरून हात घालून फडताळावरचा फोन उचलला आणि अंडं किती वेळ उकडायचं हे त्याला विचारलं. फोनने आधी एका गादीची जाहिरात दाखवली, मग एका हसऱ्या माणसाला आणलं, त्याने अंड्याचं महत्त्व सांगायला घेतलं आणि तो वेळेपर्यंत येण्याआधीच अंडं भांड्यात फुटून बाहेर आलं. चिरंजीवांनी मग अंडं का फुटतं हे विचारलं. तेही फोनलाच.

हा मुलगा रोज ऑफिसला जाताना त्या फोनमधल्या बाईचं ऐकून डावीकडे-उजवीकडे वळायचा. एकदा बाईचं चार्जिंग संपलं, तेव्हा सात वर्षं तेच ऑफिस असूनही तो दीड तास उशिरा, आणि तेही सासुरवाडीला पोचला होता. हेडसाहेबांनी तेव्हा गिळलं होतं. पण अंडं त्यांच्या देखत फुटलं.

त्याच ताटावर त्यांनी जाहीर केलं की तुमच्या पिढीला काहीही येत नाही. तुम्हाला फक्त सापडतं. सापडणं आणि येणं यात फरक आहे, आणि तो मी सिद्ध करून दाखवणार आहे. इमारतीतल्या मुलांची ज्ञानपरीक्षा घेणार, सभागृहात, सगळ्यांसमोर, फोन काढून घेऊन. पन्नास प्रश्न, सगळे माझ्या डोक्यातले. जिंकेल त्याला बक्षीस म्हणून तेवीस वह्या, कपाटासकट.

बाईसाहेब, म्हणजे हेडसाहेबांच्या पत्नी, या साऱ्या भाषणात पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागल्या. कपाट नक्की जाणार ना, एवढंच त्यांनी विचारलं. पांघरुणं ठेवायला घरात जागा नव्हती.

सहावीतल्या नातीला मात्र शिक्षा झाली. तिच्याकडे आईचा जुना फोन होता, तो हेडसाहेबांनी परीक्षेपर्यंत आठ दिवसांसाठी काढून घेतला. आपल्याच घरातली मुलगी फोन बघून आली असं कोणी म्हणायला नको. मग मी दिवसभर करू काय, असं तिने विचारलं. हा प्रश्न हेडसाहेबांनी प्रश्नात धरला नाही, पण उत्तर दिलं. बाहेर जा, आपल्या डोळ्यांनी बघ, आपल्या हातांनी मोज, आमची पिढी अशीच शिकली. खरं तर त्यांची पिढी घोकून शिकली होती, पण भाषणात ते चांगलं दिसत नाही.

सभागृह मिळवणं ही वरवर साधी गोष्ट होती. सोसायटीचे सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर राहत. हेडसाहेबांनी अर्ज लिहिला, तीन प्रतींत, विषय आणि संदर्भ यांखाली पट्टीने रेघ मारून. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि खेदाने मान हलवली. नियमाप्रमाणे सभागृह तीनच कारणांसाठी देता येतं, मंगलकार्य, शोकसभा आणि सभासदांची सर्वसाधारण सभा. ज्ञानपरीक्षा यातल्या कशात बसते?

मंगलकार्यात बसवावी तर जेवण द्यावं लागलं असतं. आजच्या पिढीचं ज्ञान बघता शोकसभा योग्य होईल, असं हेडसाहेब म्हणाले, पण सेक्रेटरी विनोदाचे नव्हते. त्यांनी मयताचं नाव विचारलं. शेवटी परीक्षा सर्वसाधारण सभा म्हणून घ्यायची असं ठरलं. हेडसाहेब अध्यक्ष. नोटीस लागेल, कोरम लागेल, इतिवृत्त लिहावं लागेल. आणि सभा म्हटली की कोणतीही गोष्ट सभेपुढे ठराव होऊनच मान्य होते, हे सेक्रेटरींनी जाता जाता सांगितलं. हेडसाहेबांनी आयुष्यभर फायलींवर प्रेम केलेलं. त्यांना यात वावगं काही दिसलं नाही, उलट परीक्षेला जरा वजन आलं असं वाटलं.

नोटीस लागली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या घरात एक निवृत्त कंपाउंडर राहत. डॉक्टरांच्या दवाखान्यात तीस वर्षं बाटल्या भरल्यामुळे डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, या मताचे. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ते प्रत्येक ठरावाला हरकत घेत, आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करत. पन्नासपैकी तीस प्रश्न तरी औषधांवर पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला. सेक्रेटरींना दहा प्रश्न उपविधींवर हवे होते. सेक्रेटरींच्या बायकोचं म्हणणं असं की प्रश्न आधी दिले तर मुलांना उत्तरं चांगली येतील. हे तत्त्वतः खोडून काढणं हेडसाहेबांना जमलं नाही. बाकीच्या आया मात्र जिन्यात गाठून हळूच विचारत होत्या, पहिला नंबर आला तर कपाट घ्यावंच लागतं का. दोघींनी आपापल्या मुलांना फार वाचू नको म्हणून सांगितल्याचं नंतर कळलं.

हेडसाहेबांनी प्रश्नपत्रिका काढली आणि तालीम म्हणून नातीला पुढ्यात बसवून उत्तरांसकट वाचून दाखवली. तिसऱ्या प्रश्नाला नात म्हणाली, “आजोबा, हे चुकीचंय.” चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं ते उत्तर होतं. दिसत नाही म्हणे, बाईंनी शाळेत सांगितलं. हेडसाहेब हसले आणि ग्रहगोलांची वही काढून त्यांनी तिला कात्रण दाखवलं. नातीने ते उलटसुलट करून बघितलं. कात्रण गोळ्यांच्या वेष्टनाचं होतं. ‘जाणून घ्या, मालिका क्रमांक ९’ आणि मागे लिंबाचं चित्र.

हेडसाहेबांनी वही मिटली. फोन किती चुकीचं सांगतो हे पडताळून बघू, अशा भाषेत त्यांनी आपणच काढून घेतलेला नातीचा फोन बाहेर काढला, दार लावलं आणि पन्नासच्या पन्नास प्रश्न तिच्याकडून तपासून घेतले. बैल लाल रंगाने चिडतो. नाही चिडत, त्याला लाल रंग धड दिसतच नाही, कापड हलतं म्हणून चिडतो. माणूस मेंदूचा दहावा भागच वापरतो. पूर्ण वापरतो. जिभेच्या टोकाला फक्त गोड कळतं. सगळीकडे सगळं कळतं. हेडसाहेबांनी इथे गुपचूप चिमूटभर मीठ जिभेच्या टोकावर ठेवून बघितलं. कळलं. अडुसष्ट वर्षं ती जीभ तोंडात होती आणि हा प्रयोग करावा असं एकदाही वाटलं नव्हतं.

अकरा उत्तरं चुकीची निघाली. चाळीस वर्षं ती हेडसाहेबांनी पोराबाळांना, पाहुण्यांना, कार्यालयातल्या कनिष्ठांना, आणि एकदा तर एका प्रवासात अख्ख्या डब्याला सांगितली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कोणाकडे बघायला काही नव्हतं, म्हणून हेडसाहेब ज्ञानी होते. हा विचार त्यांच्या दारापर्यंत आला होता, पण त्यांनी त्याला आत घेतलं नाही. ‘वयोगटास अनुचित’ असा शेरा मारून अकराच्या अकरा प्रश्न त्यांनी खोडले.

शेवटच्या, पन्नासाव्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावू शकणार नव्हतं. आपल्या गावातल्या जुन्या पाण्याच्या टाकीला आतून पायऱ्या किती? ही टाकी म्हणजे विटांचा उंच मनोरा, आता वापरात नसलेला, रविवारी सकाळी लोकांसाठी उघडा ठेवलेला. तिच्यावर हेडसाहेबांच्या खात्याची सत्ता होती आणि खात्याने तिच्या सुवर्णमहोत्सवाला जी स्मरणिका काढली, ती हेडसाहेबांनी स्वतः लिहिलेली होती. दोनशे चौदा. नातीने फोनवर टाकीचं नाव घातलं. माहितीच्या एका मोठ्या, कोणालाही बदल करता येणाऱ्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत आलं, दोनशे चौदा पायऱ्या.

हेडसाहेबांना इतका आनंद निवृत्तीच्या निरोपसमारंभातही झाला नव्हता. आठवडाभरात पहिल्यांदाच फोनने त्यांच्यापुढे मान तुकवली होती. त्यांनी बाईसाहेबांना हाक मारून तो आकडा दाखवला. त्या भरात आकड्यांबद्दलचं आपलं जुनं सूत्रही त्यांनी पुन्हा ऐकवलं, जे त्यांनी कार्यालयातल्या प्रत्येक नव्या कारकुनाला शिकवलं होतं. अहवालात कधीही गोल आकडा लिहायचा नाही. पाचशे नळजोडण्या लिहिल्या की साहेब विचारतो, मोजल्या कोणी. पाचशे सात लिहिल्या की मुकाट सही करतो. बाईसाहेबांनी हे पूर्वी पाचशे सात वेळा ऐकलं होतं. त्या पांघरुणं मोजत राहिल्या.

परीक्षा पुढच्या सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, नात लालबुंद होऊन, फ्रॉकला विटांची माती लावून घरी आली आणि आजोबा एक गंमत सांगायचीय म्हणाली. हेडसाहेब त्या वेळी अध्यक्षीय भाषण पाठ करत होते. त्यांनी हातानेच तिला थांबवलं. अभ्यास कर, म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी सभागृहात बत्तीस सभासद आणि आठ स्पर्धक जमले. कोरम भरला. मुलांचे आणि मोठ्यांचे फोन गोळा करून एका पत्र्याच्या ट्रंकेत घातले, कुलूप लावलं आणि ट्रंकेवर कंपाउंडरांना बसवलं. पहिल्या दहा मिनिटांत ट्रंक तीनदा थरथरली. कंपाउंडर दर वेळी दचकून उठत आणि आपल्याला पूर्वीपासून पाठीचा त्रास आहे, अशी हरकत नोंदवत.

पहिला प्रश्न हेडसाहेबांनी खणखणीत आवाजात विचारला. दिवसा झोपणारा आणि उलटा लटकणारा सस्तन प्राणी कोणता? मुलं एकमेकांकडे बघत असतानाच कंपाउंडरांच्या खालून एक गोड बाई म्हणाली, “तुम्ही विचारलेल्या प्राण्याबद्दल मला ही माहिती मिळाली.” आणि तिने वटवाघळाची आयुर्मर्यादासुद्धा सांगायला घेतली. सभागृहात हशा पिकला. सेक्रेटरींनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि सभासद नसलेल्या व्यक्तीला सभेत बोलता येत नाही, असा निर्णय दिला. ट्रंकेवर दोन गाद्या टाकल्या. बाई तरीही दबक्या आवाजात बोलत राहिली, आणि अडचण अशी की तिचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं.

मग ठरावांचं सुरू झालं. उत्तर सभेपुढे आलं की ते मान्य करण्यासाठी सूचक लागायचा, अनुमोदक लागायचा. वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे, सूचक सेक्रेटरींची बायको, अनुमोदक तळमजल्यावरचे शिंपी, ठराव तीस विरुद्ध एक मतांनी मंजूर. ते एक मत कंपाउंडरांचं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, या ठरावालाही त्यांनी विरोध केला. गच्चीच्या चावीचा प्रश्न सुटेपर्यंत आपण काहीही फिरू देणार नाही, असं त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. दोन तासांत चौदा प्रश्न झाले. लोक जांभया द्यायला लागले. शेवटी हेडसाहेबांनी अध्यक्षांच्या अधिकारात मधले सगळे प्रश्न गुंडाळले आणि पन्नासावा प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घेतला. हा निर्णायक. उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं, ज्याचं बरोबर येईल तो जिंकला, दोघातिघांचं आलं तर ज्याची चिठ्ठी आधी आली तो.

आठ चिठ्ठ्या आल्या. हेडसाहेबांनी एकेक उलगडली. दोनशे चौदा. दोनशे चौदा. पुन्हा दोनशे चौदा. मुलांना हा आकडा कुठून मिळाला, हे उघड होतं. हेडसाहेबांचं आवडतं ठिकाण कोणतं, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं आणि सातही मुलांनी तो आदल्या दिवशी फोनवर बघून पाठ केला होता. म्हणजे परीक्षेचा हेतूच बुडाला होता, पण हेडसाहेबांच्या ते लक्षातच आलं नाही. आपला आकडा सात पोरांच्या हस्ताक्षरात बघून त्यांची छाती फुगली होती. आठवी चिठ्ठी उघडली आणि ते मोठ्याने हसले.

“हे एकशे सत्त्याऐंशी कुठल्या महाभागाचं?”

मागच्या रांगेतून नात उठली. तिने सांगितलं की काल मैत्रिणीबरोबर ती टाकीवर गेली होती. दोघींनी चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या. दोन्ही वेळा एकशे सत्त्याऐंशी. फोन नव्हता म्हणून करायला दुसरं काही नव्हतं, आणि आजोबांनीच सांगितलं होतं, आपल्या हातांनी मोज.

सभागृहात चुळबूळ झाली. लहान मुलं आहेत, मोजताना चुकतं, असं शिंपी म्हणाले. सेक्रेटरींनी पेन उघडलं. टाकीला दोनशे चौदा पायऱ्या आहेत, सूचक मी स्वतः, अनुमोदक शिंपी, हात वर करा. तीस हात वर झाले. त्या तिसांतले निदान वीस जण त्या टाकीच्या सावलीत लहानाचे मोठे झाले होते. अध्यक्ष म्हणून हेडसाहेबांनी मत दिलं नाही. विरोधात एक हात, कंपाउंडरांचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची हरकत बरोबर होती आणि ते त्यांना ठाऊकही नव्हतं. ठराव मंजूर झाला.

नात खाली बसली नाही. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“आजोबा, तुम्ही मोजल्या होत्या का?”

अकरा महिन्यांनी हेडसाहेबांना कोणीतरी प्रश्न विचारला होता. सवयीने ते खाकरले. सवयीने त्यांनी छताकडे बघितलं. ‘त्याचं असं आहे’ हे ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण छतावर त्यांना ती दुपार दिसायला लागली. स्मरणिकेचं एकच पान छपाईला जायचं राहिलं होतं आणि मोठ्या साहेबांनी त्यांना पायऱ्या मोजायला पिटाळलं होतं. ऊन होतं. चाळिसाव्या की पंचेचाळिसाव्या पायरीवर त्यांना धाप लागली. तिथे टाकीचा रखवालदार डबा उघडून बसला होता. किती असतील रे, त्यांनी विचारलं. असतील दोनशे, तो घास खाता खाता म्हणाला. हेडसाहेब तिथूनच उतरले. दोनशे लिहिलं तर साहेब विचारेल, मोजल्या कोणी. म्हणून त्यांनी दोनशे चौदा लिहिलं. साहेबांनी मुकाट सही केली होती. पुढे हेडसाहेबांनी तो आकडा इतक्या लोकांना सांगितला, की आपण वरपर्यंत गेलो होतो असं त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एकतीस माणसं हो ऐकायला तयार बसली होती. पण पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी पूर्वी सगळं घर बघायचं.

“नाही,” हेडसाहेब म्हणाले. “मी अर्ध्यातून खाली आलो होतो.”

त्यांना वाटलं होतं की आता धरणी दुभंगेल. तसं काही झालं नाही. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की अध्यक्षांचं हे म्हणणं ठरावानंतर आल्यामुळे विचारात घेता येत नाही. मंजूर ठराव बदलायचा तर पुढच्या वार्षिक सभेत, रीतसर सूचना देऊन. तोपर्यंत टाकीला दोनशे चौदाच पायऱ्या राहतील. नियमाप्रमाणे बक्षीस पहिल्या चिठ्ठीला जायचं, आणि ती सेक्रेटरींच्याच मुलाची होती. त्यांच्या बायकोने कपाटाच्या उंचीचा अंदाज हातानेच नवऱ्याला दाखवला, आणि पदाधिकाऱ्याच्या घरी बक्षीस जाऊ नये असा एक उपविधी सेक्रेटरींना तिथल्या तिथे आठवला. दुसऱ्या चिठ्ठीवाल्याची आई त्याला घेऊन आधीच निघून गेली होती. बक्षीस राखून ठेवण्यात आलं. बाईसाहेब घरी जाऊन पुन्हा पांघरुणं मोजायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी हेडसाहेबांनी नातीला तिचा फोन परत दिला आणि त्या संकेतस्थळावरचा आकडा दुरुस्त करायला सांगितलं. निदान तिथे तरी खरं राहू दे. तिने केला. तासाभरात तो पुन्हा दोनशे चौदा झाला. तिने परत बदलला, परत झाला. तिसऱ्या वेळी कोणा संपादकाची सभ्य सूचना आली, की ही दुरुस्ती विश्वसनीय छापील संदर्भाशी जुळत नाही. आणि खाली संदर्भ दिला होता. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पान सात, लेखन हेडक्लार्क, पाणीपुरवठा विभाग. आपण मोजल्या नाहीत, हे त्या हेडक्लार्काने स्वतः कळवलं. त्याला उत्तर आलं की वैयक्तिक आठवणी ग्राह्य धरता येत नाहीत.

हेडसाहेबांनी त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. पोरं आळशी आहेत, काही जाणून घेत नाहीत, जे समोर येईल ते गिळतात, हे सगळं खरं होतं. फक्त समोर आणून ठेवणारा कोण, हे त्यांना आता ठाऊक झालं होतं, आणि ते फार लाजिरवाणं होतं.

रविवारी ते नातीला म्हणाले, चल.

टाकीच्या आत गार होतं आणि विटांचा वास होता. दोघं मोठ्याने मोजत चढले. चाळिसावर हेडसाहेबांना रखवालदाराची जागा दिसली, तिथे ते मुद्दाम थांबले नाहीत. नव्वदीच्या पुढे मात्र पाय बोलायला लागले. ते एका पायरीवर बसले, नातीने दिलेलं पाणी प्यायले आणि उठून पुन्हा मोजायला लागले. वर पोचले तेव्हा आकडा आला होता एकशे शहाऐंशी.

“सत्त्याऐंशी,” नात म्हणाली. “बसलात ती धरली नाहीत तुम्ही.”

हेडसाहेबांनी वाद घातला नाही. मनातल्या मनात हिशेब केला, ती धरली, आणि मान्य केलं. इतक्या वर्षांत दुसऱ्याचं उत्तर मान्य करायची ही पहिलीच वेळ, आणि तेही ठरावाशिवाय. त्यांना अचानक फार बरं वाटलं. खाली सगळं गाव पसरलं होतं, आपली इमारत आगपेटीएवढी दिसत होती. कठड्याला टेकून वारा खात असताना त्यांना कळलं, की जिभेवरचं ते मीठ सोडलं तर एकशे सत्त्याऐंशी ही आपल्या अख्ख्या ज्ञानातली एकमेव गोष्ट आहे, जी कोणी सांगितली म्हणून माहीत नाही.

तेवढ्यात जिन्यातून तीन कॉलेजातले तरुण धापा टाकत वर आले. आल्या आल्या त्यांनी खिशांतून फोन काढले. एकाने मित्रांना वाचून दाखवलं, अरे, दोनशे चौदा पायऱ्या चढलो आपण. दुसरा मांड्या चोळत म्हणाला, तेवढ्या वाटल्याच.

नातीने आजोबांचा हात ओढला. हेडसाहेब पुढे झाले. या खेपेला खाकरले नाहीत.

“मोजल्यात का रे तुम्ही?”

“कशाला?” तरुणाने फोन त्यांच्यापुढे धरला. “दिल्यात की इथे.”

“पण ज्याने दिल्या, त्याने तरी मोजल्यात का?”

तरुणाने हेडसाहेबांकडे जरा कीव येऊन बघितलं. वयस्कर माणूस आहे, समजावून सांगितलं पाहिजे, अशा स्वरात तो म्हणाला, “मोजल्या असणारच ना, आजोबा. नाही तर त्याने सरळ दोनशे लिहिलं असतं. उगाच दोनशे चौदा कोण लिहील?”

हेडसाहेब नातीचा हात धरून कठड्यापासून वळले आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवून एकपासून मोजायला सुरुवात केली.